दुसरी फळी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



'शिक्षण आणि आपली तरुण पिढी' अशा धर्तीच्या एखाद्या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे मंडळाच्या कार्यवाहांनी सुचविले होते. त्या विषयावर या व्यासपीठावरून इतकी व्याख्याने झाली आहेत, आणि त्यांपैकी निदान तीन तर माझीच आहेत, की आपणांवर पुन्हा तोच प्रसंग आणण्याचे धैर्य मला झाले नाही. म्हणून आज मी अमेरिकेतील महाविद्यालयांच्या बास्केटबॉलविषयी बोलणार आहे. हे ऐकताच पुढच्या रांगेतील काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिलेले मला दिसले. त्यांना माझी एवढीच विनंती की त्यांनी थोडा धीर धरावा. मी जुनी अकरावी मॅट्रिक झालेला साधा शिक्षक. ३२ वर्षे खडू झिजविला आणि संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर मुलांचे कबड्डीचे आणि खो-खोचे संघ उभे केले. बास्केटबॉलचा चेंडू माझ्या हातून कधी कड्यातून गेलेला नाही. परंतु संघ कसा बांधावा, आणि बांधलेला संघ डोळ्यांदेखत कसा विस्कटतो, याचे थोडे ज्ञान मला आहे.

२०२२ च्या मार्च महिन्यात कन्येच्या बाळंतपणानिमित्त आम्ही उभयता न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी या गावी होतो. अशा प्रसंगी घरातील स्त्रीवर्गास क्षणाची उसंत नसते आणि पुरुषाला, विशेषतः माझ्या वयाच्या पुरुषाला, कोणी काम सांगत नाही. मी दूरचित्रवाणीसमोर बसून राहात असे. त्याच गावात, मुलीच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, सेंट पीटर्स नावाचे जेसुइट पाद्र्यांनी १८७२ साली स्थापन केलेले एक लहानसे विद्यापीठ आहे. त्यांच्या संघाचे चिन्ह मोर. सरस्वतीच्या चित्रातील मोर त्या परक्या मुलखात मुलांच्या छातीवर दिसला, म्हणून मी कुतूहलाने पाहू लागलो, आणि पाहतो तो त्या लहान संस्थेच्या मुलांनी १७ मार्च रोजी बलाढ्य केंटकी विद्यापीठाला जादा वेळेत ८५-७९ असे हरविले. पुढे त्यांनी मरे स्टेटला हरविले, पर्ड्यूला हरविले आणि ते शेवटच्या आठ संघांत जाऊन पोहोचले. ज्या पायरीवरून त्यांना स्पर्धेत स्थान मिळाले होते, त्या पंधराव्या मानांकनाचा संघ तोपर्यंत इतका पुढे कधीच गेला नव्हता. जर्सी सिटीच्या रस्त्यांतून लोक मोराच्या टोप्या घालून हिंडत होते. माझ्या नातीचा जन्म त्याच आठवड्यातला.

परंतु मी आज त्या विजयाची कथा सांगणार नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी काय झाले ते सांगावयाचे आहे. त्यासाठी आधी थोडे गणित करावे लागेल. शिक्षकाची खोड जात नाही, क्षमा असावी.

बास्केटबॉलचा खेळ डॉ. जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे काढला. हिवाळ्यात मुलांना घराबाहेर काढता येईना, म्हणून त्याने पीचच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या आणि १३ नियम लिहून भिंतीवर लावले. आपल्याकडे हा खेळ वाय. एम. सी. ए. मार्फत आला. त्या संस्थेचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासेस काढले. तेथे शिकलेले शिक्षक पुढे देशभर गेले. आज मैदानावर एका बाजूचे पाच खेळाडू असतात आणि महाविद्यालयीन पुरुषांचा सामना ४० मिनिटांचा असतो. पाच गुणिले चाळीस म्हणजे दोनशे. एका संघाला एका सामन्यात २०० खेळाडू-मिनिटे भरून काढावयाची असतात. प्रमुख पाच गडी प्रत्येकी ३२ मिनिटे खेळले तर १६० मिनिटे झाली. उरलेली ४० मिनिटे कोणी खेळावयाची? शिवाय ज्या गड्याच्या नावावर पाच वैयक्तिक चुका लागतात तो सामन्यातून बाद होतो. कोणाचा घोटा मुरगळतो. कोणाला ताप येतो. हंगामात ३० हून अधिक सामने, आणि मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेत तर एकदा हरला तो घरी गेला. एकेका शनिवार-रविवारच्या सुमारास तीन दिवसांत दोन सामने खेळून, तीन आठवड्यांत सलग सहा जिंकेल तो विजेता. अशा ठिकाणी बाकावर कोण बसले आहे यावर निकाल लागतो. यालाच मी दुसरी फळी म्हणतो. केंटकीविरुद्ध सेंट पीटर्सच्या डग एडर्ट या मुलाने २० गुण केले. तो सुरुवातीच्या पाचांत नव्हता, बाकावरून उठून आलेला होता.

आता ही दुसरी फळी कोठून आणावयाची? पूर्वी एकच मार्ग होता. शाळेतून मुले निवडून आणावयाची, पहिली दोन वर्षे ती बाकावर बसत, शिकत, अंगाने भरत, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी पुढे येत. शेतात आंब्याचे झाड लावावे तसे हे काम होते. दुसऱ्याच्या झाडाची फांदी तोडून आणण्याची सोय फारशी नव्हती, कारण नियम कडक होते. बास्केटबॉलसारख्या मोठ्या खेळांतील विद्यार्थी एक महाविद्यालय सोडून त्याच दर्जाच्या दुसऱ्यात गेला तर त्याला सामान्यतः एक संपूर्ण वर्ष सामन्यात उतरता येत नसे. सरावाला यावे, वर्गात बसावे, आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत टाळ्या वाजवाव्यात. पदवी पूर्ण करून पुढील शिक्षणासाठी जाणाऱ्याला पुढे यातून सूट मिळू लागली, एवढाच अपवाद. शिवाय जुन्या संस्थेने परवानगी दिल्याखेरीज नव्या संस्थेच्या प्रशिक्षकाने त्या मुलाशी बोलावयाचेही नाही.

येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

१९९१ साली मी ज्या शाळेत होतो तेथे नववीत एक मुलगा होता. त्याच्यासारखा चढाई करणारा गडी मी पुन्हा पाहिला नाही. त्याच्या मामाने त्याला जिल्ह्याच्या गावी नेण्याचे ठरविले. तेथील शाळा मोठी होती, वसतिगृह होते, आणि मुख्य म्हणजे इंग्रजी आणि गणित नीट शिकविणारे शिक्षक होते, जे आमच्याकडे त्या वर्षी नव्हते. मुलाची आई शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आली. तालुक्याच्या स्पर्धा सहा आठवड्यांवर होत्या. मुख्याध्यापकांनी मला विचारले, "गुरुजी, हा गेला तर संघाचे काय?" मी म्हणालो, "संघ मोडेल." खरे बोललो, परंतु एवढेच बोललो. दाखला आज मिळेल, उद्या मिळेल, लेखनिक रजेवर आहे, असे करीत ती बाई आठ-दहा वेळा व्हरांड्यात उभी राहून परत गेली. स्पर्धा झाल्या. आम्ही जिंकलो. ढाल अजून त्या शाळेच्या कपाटात असेल. मग दाखला दिला, तोवर तिकडील प्रवेश संपले होते. मुलाचे वर्ष गेले. पुढे तो शिकला नाही. त्याचे खतांचे दुकान आहे आणि बरे चालते. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो. त्या दाखल्याविषयी तो कधी बोलला नाही. मीही बोललो नाही.

तेव्हा, एक वर्ष बसवून ठेवण्याचा तो अमेरिकन नियम ज्यांनी केला, त्यांच्या मनात काय असेल ते मला पुरेपूर कळते. मुलांचे शिक्षण विस्कळीत होऊ नये हे कारण ते देत, आणि ते काही अगदीच खोटे नव्हते. परंतु त्याच्या मागे 'संघ मोडेल' हे दुसरे कारण उभे होते.

त्यातही अन्याय असा की प्रशिक्षकावर असे कोणतेही बंधन नव्हते. तो आज एका विद्यापीठात असे आणि पुढच्या आठवड्यात दुप्पट पगारावर दुसऱ्या विद्यापीठात जाई. ज्याच्या शब्दावर मुलगा घर सोडून आला, तो गुरूच निघून गेला तरी मुलाने मात्र जागेवर राहावे, नाही तर वर्ष गमवावे! मुले आणि त्यांचे पालक याविरुद्ध बोलू लागले आणि बांध हळूहळू फुटला. महाविद्यालयीन क्रीडांचे नियमन करणाऱ्या एन. सी. ए. ए. या संस्थेने १५ ऑक्टोबर २०१८ रोजी 'ट्रान्स्फर पोर्टल' नावाची संगणकीय नोंदवही सुरू केली. मुलाने आपल्या संस्थेस कळवावयाचे. संस्थेने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव नोंदवहीत चढवावयाचे. मग कोणाही प्रशिक्षकाने त्याच्याशी बोलावे. परवानगीचा प्रश्न मिटला. लेखनिक रजेवर असण्याचाही मिटला. २०२१ च्या एप्रिलमध्ये एकदा महाविद्यालय बदलणाऱ्याला बसवून ठेवण्याची अट गेली. डिसेंबर २०२३ मध्ये काही राज्यांच्या महाधिवक्त्यांनी वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयात दावा लावला आणि न्यायालयाने उरलेली अटही रोखून धरली. एप्रिल २०२४ मध्ये एन. सी. ए. ए. ने नियमच पालटला: विद्यार्थी अभ्यासात ठरलेली प्रगती राखून असेल, तर त्याने कितीही वेळा महाविद्यालय बदलावे, लगेच खेळावे.

मग काय विचारता! २०२५ च्या वसंतात पहिल्या श्रेणीच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये दोन हजारांहून अधिक मुलांची नावे त्या नोंदवहीत होती. या श्रेणीत संघच मुळी साडेतीनशेच्या थोडे वर. प्रत्येक संघातून पाच-सहा मुले उठून बाजारात उभी राहिली, असा हिशेब होतो. बाजार हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. कारण १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूला आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली, आणि जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःच मुलांना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा एका विद्यापीठासाठी सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्याच तडजोडीनुसार पुरुष बास्केटबॉलमध्ये पूर्वीच्या १३ शिष्यवृत्त्यांच्या जागी १५ खेळाडूंच्या पटाची मर्यादा आली. बाकावरच्या दोन जागा वाढल्या म्हणावयाच्या.

आता याचा उपयोग चतुर प्रशिक्षकांनी कसा केला ते पाहू, कारण मला खरा रस त्यातच आहे.

न्यू जर्सीतच फेअरली डिकिन्सन नावाचे विद्यापीठ आहे. २०२१-२२ च्या हंगामात त्यांनी ४ सामने जिंकले आणि २२ गमावले. त्यांनी टोबिन अँडरसन या नव्या प्रशिक्षकास आणले. हे गृहस्थ तत्पूर्वी दुसऱ्या श्रेणीच्या सेंट टॉमस अक्वायनस महाविद्यालयात होते. येताना त्यांनी तेथील आपले तीन विद्यार्थी बरोबर आणले: डेमीट्री रॉबर्ट्स, ग्रँट सिंगलटन आणि शॉन मूर. रॉबर्ट्सची उंची पाच फूट आठ इंच. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत शोभावा असा. या तिघांचे नाव मोठ्या विद्यापीठांच्या गावीही नव्हते. परंतु त्यांना गुरूची पद्धत पाठ होती, आणि जुन्या संघाला ती शिकविण्यास तेच उपयोगी पडले. १७ मार्च २०२३ रोजी या संघाची गाठ अव्वल मानांकित पर्ड्यूशी पडली. पर्ड्यूकडे झॅक ईडी हा सात फूट चार इंचांचा कॅनेडियन मुलगा होता. फेअरली डिकिन्सनने ६३-५८ असा सामना जिंकला. मूरने १९ गुण केले. सोळाव्या मानांकनाच्या संघाने पहिल्याला हरविण्याची पुरुषांच्या स्पर्धेतील ती केवळ दुसरी वेळ. येथे बाहेरून आणलेली मुले भाडोत्री नव्हती. एका शाळेचे मास्तर दुसऱ्या शाळेत जाताना चांगले विद्यार्थी घेऊन गेले, असा तो प्रकार होता. जुन्या शाळेला काय वाटले असेल ते निराळे.

मला त्याहून अधिक आदर वाटतो तो पराभूत पर्ड्यूच्या मॅट पेंटर या प्रशिक्षकाविषयी. असा मानहानीचा पराभव झाल्यावर दुसरा कोणी पोर्टलमधून अर्धा डझन नवे गडी आणता. पेंटर यांनी आपली मुले राखली. ईडी राहिला, दोन तरुण रक्षक राहिले. संघात उणीव कशाची, हे त्यांनी शोधले: प्रतिपक्षाने अंगावर धावून दबाव आणला की चेंडू सांभाळणारा एक चपळ, अनुभवी गडी कमी पडत होता. सदर्न इलिनॉय विद्यापीठात चार वर्षे खेळलेला लान्स जोन्स हा एकच मुलगा त्यांनी त्या उन्हाळ्यात बाहेरून घेतला. २०२४ च्या एप्रिलमध्ये पर्ड्यू अंतिम सामन्यात उभे होते. शिंप्याने जेथे उसवले तेथेच टाका घालावा आणि बाकी वस्त्र जसेच्या तसे ठेवावे, तसे ते काम होते.

अंतिम सामना मात्र ते हरले. कनेटिकटने त्यांना ७५-६० असे नमविले, आणि कनेटिकटचे उदाहरण दुसऱ्या फळीच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. डॅन हर्ली हे त्यांचे प्रशिक्षक. २०२२ साली त्यांनी ईस्ट कॅरोलायनाहून ट्रिस्टन न्यूटन आणला, सॅन डिएगोहून जोई कॅलकटेरा, व्हर्जिनिया टेकहून नहीम अ‍ॅलेन आणि टेक्सस ए अँड एमहून हसन डियारा. यांपैकी न्यूटन प्रमुख पाचांत गेला. बाकीच्या तिघांना बाकावर बसावयाचे होते, आणि ते बसले. २०२३ चे विजेतेपद कनेटिकटला मिळाले. पुढील वर्षी रटगर्सहून कॅम स्पेन्सर आला, डियारा पुन्हा बाकावरूनच खेळला आणि त्यांच्या परिषदेतील उत्कृष्ट राखीव खेळाडूचा मान त्याने मिळविला, पुन्हा विजेतेपद. दोन्ही वर्षी सहाच्या सहा सामने दहाहून अधिक गुणांच्या फरकाने जिंकले. बाहेरून आलेला मुलगा बाकावर बसण्यास तयार होतो, यात प्रशिक्षकाचे सारे कसब आले. चांगला गडी मिळविणे पैशाने जमते. 'तू दहा मिनिटे खेळशील' असे त्याला आधीच स्पष्ट सांगून, तरीही तो येईल असे करणे पैशाने जमत नाही.

संपूर्ण संघच नव्याने रचण्याचेही प्रयोग झाले. कॅन्सस स्टेटला २०२२ साली जेरोम टँग प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा संघात शिष्यवृत्तीचे दोनच खेळाडू शिल्लक होते. त्यांनी इतर ठिकाणांहून मुले गोळा केली. त्यांत कीआँटे जॉन्सन होता. हा फ्लॉरिडाचा खेळाडू डिसेंबर २०२० मध्ये सामन्यातच कोसळला होता आणि त्यानंतर दोन वर्षे खेळू शकला नव्हता. हा संघ पहिल्याच वर्षी शेवटच्या आठांत गेला. त्यांचा पाच फूट आठ इंचांचा मार्क्विस नोवेल याने मिशिगन स्टेटविरुद्ध १९ वेळा सहकाऱ्यांना गुण मिळवून देणारे पास दिले, तो स्पर्धेतील विक्रम ठरला. परंतु पुढील दोन्ही वर्षी कॅन्सस स्टेटला त्या स्पर्धेत स्थान मिळाले नाही. वर्षाला मजूर बदलून शेती एखादे साल उत्तम होते, दरसाल होईलच असे नाही.

केंटकीत २०२४ साली मार्क पोप आले तेव्हा तर आधीच्या शिष्यवृत्तीधारकांपैकी एकही शिल्लक नव्हता. त्यांनी जवळजवळ सारा संघ पोर्टलमधून उभा केला. त्यात फेअरली डिकिन्सनच्या त्या विजयी संघातील एक मुलगाही होता. वर्षभरात तीन चेंडू हाताळणारे गडी या ना त्या दुखापतीने बसले, तरी संघ शेवटच्या सोळांत गेला. खोल पटाचा उपयोग तो हा.

आणि २०२५ चे विजेते फ्लॉरिडा! ७ एप्रिल रोजी सॅन अँटोनियो येथे त्यांनी ह्यूस्टनला ६५-६३ असे हरविले. मध्यंतरी ते १२ गुणांनी मागे होते. वॉल्टर क्लेटन हा त्यांचा नायक आयोना या लहान महाविद्यालयातून आलेला. त्याला पूर्वार्धात एकही गुण मिळाला नाही. तेव्हा संघ सांभाळला तो बेलमाँटहून आलेल्या विल रिचर्डने, १८ गुण करून. अलायजा मार्टिन फ्लॉरिडा अटलांटिकहून आलेला. आता दुसऱ्या फळीकडे पाहा. मायका हँडलॉग्टन हा मार्शल विद्यापीठातून आलेला उंच मुलगा. मार्च २०२४ मध्ये परिषदेच्या अंतिम सामन्यात त्याच्या पायाचे हाड मोडले. पुढचे वर्ष विश्रांती घ्यावी आणि खेळण्याचे एक वर्ष राखून ठेवावे, असे त्याने ठरविले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघातील उंच गडी जायबंदी होऊ लागले, तेव्हा तो राखून ठेवलेल्या वर्षावर पाणी सोडून मैदानात उतरला. फिरता सौदागर असे करीत नाही. म्हणून 'ही बदलून आलेली मुले एकनिष्ठ नसतात' असे कोणी सरसकट म्हणू लागला, तर मी त्याला हँडलॉग्टनचे नाव सांगतो.

तथापि त्याच संघात डेन्झेल अ‍ॅबर्डीन होता. हा फ्लॉरिडाचाच, शाळेतून थेट आलेला. तीन वर्षे बहुतांशी बाकावरून खेळला, विजेतेपद पाहिले, आणि ज्या वर्षी त्याला पहिल्या पाचांत येण्याची आशा होती त्या वर्षी तो केंटकीला निघून गेला. या नव्या व्यवस्थेची मेख येथे आहे. ज्या दाराने दुसरी फळी आत येते त्याच दाराने ती बाहेर जाते. तिसऱ्या वर्षापर्यंत बाकावर बसून तयार झालेला मुलगा चौथ्या वर्षी नेमका दुसऱ्याच्या कामी येतो. मग त्याला तीन वर्षे घडवावयाचे कोणी, आणि का? पुष्कळ प्रशिक्षक आता शाळेतील मुलाकडे पाहण्याऐवजी २२ वर्षांच्या, अंगाने भरलेल्या, ज्याचे आकडे समोर आहेत अशा तयार गड्याकडे पाहतात. अठराव्या वर्षी दाराशी उभ्या असलेल्या साध्या मुलाचे काय, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही.

आता सेंट पीटर्सकडे परत येतो. २७ मार्च २०२२ रोजी नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना हरविले आणि त्यांचा हंगाम संपला. थोड्याच दिवसांत प्रशिक्षक शाहीन हॉलोवे आपल्या जुन्या विद्यापीठात, सीटन हॉलला, गेले. मग मुले निघाली. बाकावरून २० गुण करणारा एडर्ट ब्रायंटला गेला. केंटकीविरुद्ध २७ गुण करणारा डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला गेला. ड्रामे नावाचे दोघे जुळे भाऊ ला साल येथे गेले. के. सी. एन्डेफो प्रशिक्षकाच्या मागोमाग सीटन हॉलला. जून उजाडेपर्यंत त्या विजयी संघातील जवळपास सारेच पांगले होते. आम्ही परत येण्यापूर्वी एके सकाळी मी बाबागाडी ढकलीत त्या विद्यापीठावरून गेलो. विजयाचा मोठा फलक अजून टांगलेला होता आणि त्यावर मुलांची चित्रे होती. त्यांपैकी बहुतेक जण आता तेथे नव्हते.

मला त्या वेळी राग आला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. संध्याकाळी जावईबापूंशी बोलताना मी 'कृतघ्न' असा शब्द वापरला. ते शांतपणे म्हणाले, "बाबा, मी पुण्याची पहिली नोकरी अकरा महिन्यांत सोडली होती. तेव्हा तुम्हीच पेढे वाटले होते." यावर मला उत्तर सुचले नाही. चहा घेतला आणि विषय बदलला.

पुढे मी विचार केला तो असा. त्या मुलांनी चूक केली असे मला म्हणता येत नाही. लहान विद्यापीठ रिकामे झाले, हे दुःखही खोटे नाही. मुलाचे जाणे आणि संघाचे राहणे यांत एकाचेच हित साधणारा नियम करणे सोपे असते. पूर्वीचा नियम तसा होता. आताची मोकळीकही, पैसा आल्यापासून, दुसऱ्या टोकाला तशीच होत आहे. पोर्टलमध्ये नाव घालणाऱ्या प्रत्येकाला नवी जागा मिळतेच असेही नाही; जुनी शिष्यवृत्ती सोडली आणि नवी मिळाली नाही, अशीही मुले आहेत. महाविद्यालय बदलले की काही विषयांचे गुण नव्या ठिकाणी धरले जात नाहीत, आणि पदवी लांबते. एका गोष्टीत मात्र नियम करणाऱ्यांनी शहाणपण राखले: अभ्यासाची अट सोडली नाही. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग, तिसऱ्याअखेर ६० आणि चौथ्याअखेर ८० टक्के पुरा झाला पाहिजे, ही जुनी मोजपट्टी त्यांच्याकडे आहे. दुसरे, बारमाही ये-जा होऊ नये म्हणून नाव घालण्यास मुदत ठेवली. ती प्रथम ६० दिवसांची होती, मग ४५, आणि २०२५ साली ३० दिवसांवर आली.

या दोन तरतुदींकडे मी आपले लक्ष वेधतो, कारण त्यांचा आपल्या घरच्या एका गोष्टीशी संबंध आहे.

आपले मंडळ गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. तिच्या नियमांत एक कलम आहे की मध्येच महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बंद व्हावी. कलम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मुलांनी धरसोड करू नये. दोन वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या एका मुलीने वडिलांच्या आजारपणामुळे घराजवळच्या महाविद्यालयात प्रवेश बदलून घेतला. तिचे गुण ७८ टक्के होते. कलमाप्रमाणे तिची शिष्यवृत्ती थांबली. त्या कागदावर तीन सह्या आहेत, त्यांत एक माझी आहे. सही करताना मला तो व्हरांडा आठवला होता, तरी मी सही केली, कारण नियम तसा होता.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे ते कलम बदलण्याचा ठराव मी मांडणार आहे. विद्यार्थ्याने आधीच्या वर्षाची गुणपत्रिका द्यावी, सर्व विषयांत तो उत्तीर्ण असावा, आणि बदलाची सूचना मंडळास जून महिन्याच्या आत द्यावी. एवढे झाल्यास शिष्यवृत्ती त्याच्याबरोबर नव्या महाविद्यालयात जावी. कारण विचारू नये. कारणे विचारू लागलो की आपण पुन्हा व्हरांड्यात लोकांना उभे करू. काही सभासदांचे म्हणणे असे की त्यामुळे मंडळाच्या वसतिगृहातील जागा वर्षाच्या मध्यात रिकाम्या पडतील. हा आक्षेप खरा आहे आणि त्यासाठीच मी जूनची मुदत घातली आहे. त्याहून चांगली तोड कोणास सुचली तर मला सभेपूर्वी कळवावी. माझा ठरावाचा मसुदा कार्यवाहांकडे आहे.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. एकच सांगून थांबतो. सेंट पीटर्सचे पुढे काय झाले, असे मघाशी एका बालमित्राने खालून खुणेने विचारले. त्यांनी नवा प्रशिक्षक नेमला, नवी मुले आणली, आणि मार्च २०२४ मध्ये आपली परिषद जिंकून ते पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत आले. माझी नात तेव्हा दोन वर्षांची झाली होती. छातीवर मोर असलेली बंडी घालून ती दूरचित्रवाणीसमोर बसली आहे, असे छायाचित्र मुलीने आम्हांस धाडले. त्या सामन्यात टेनेसीने मोरांचा ३४ गुणांनी पराभव केला. नात मध्यंतरापूर्वीच झोपी गेली होती.